टाइमलाइनवरचा दिवस

पैठणच्या एका विणकर मावशींची मुलाखत आणि त्यांच्या हातमागाचे चित्रीकरण, यांचे संकलन करण्यात आजचा दिवस गेला. टाइमलाइनची, म्हणजे संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडे क्रमाने लावायच्या पट्टीची, मांडणी वरवर पाहता सोपी असते: वर चित्राचे ट्रॅक (थर), खाली आवाजाचे, आणि त्यांवरून सरकणारी, आपण कोणत्या क्षणी आहोत ते दाखवणारी प्लेहेडची उभी रेष. चित्राचे ट्रॅक एकाहून अधिक असतील तर सर्वांत वरचे चित्र खालच्याला झाकते. त्यामुळे मावशी बोलत असताना पदरावरच्या मोरात रेशीम गुंफणारी त्यांची बोटे वरच्या ट्रॅकवर ठेवली, की मुलाखतीतला कट प्रेक्षकाला दिसतही नाही.

खरी कसोटी आवाजाची असते. मागाचा ठोका आणि फणी आदळल्याचे चित्र एकाच फ्रेमवर यावे लागते, आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम अवघी ४० मिलिसेकंदांची असते. टाइमलाइन झूम करून ध्वनिलहरीचा उंचवटा त्या फ्रेमशी जुळवण्यात जो वेळ जातो, तो मला मुळीच वाया गेलेला वाटत नाही. एका ठिकाणी जे-कट वापरून मागाचा आवाज चित्राच्या थोडा आधी सुरू केला आणि कोरडा वाटणारा सांधा जिवंत झाला.

रिपल डिलीट मात्र जपून वापरावे, कारण मधला तुकडा काढताच त्यानंतरचे सगळे अलीकडे सरकते आणि लॉक केलेला संगीताचा ट्रॅक तेवढा जागेवरच राहतो. दुपारी वीज गेली (आमच्याकडे उन्हाळ्यात यात नवल नाही), पण ऑटोसेव्हमुळे काम वाचले. रंगसंस्करण आणि उपशीर्षके उद्या हाती घेईन.