काळी गाडी आणि परभणीचं ऊन

उद्या साखरपुड्याला जायचं म्हणून दाजी भर दुपारी अंगणात डिटेलिंग स्प्रे, म्हणजे गाडीला चमक आणायचा फवारा, घेऊन उभे. काळ्या बॉनेटवर नुसते पट्टे. "बाटलीच डुप्लिकेट दिसायली." बाटली चांगली होती हो! पत्र्यावर हात टेकवत नव्हता. अशा पत्र्यावर स्प्रे पुसायच्या आधीच वाळतो आणि मागं राहतो तोच पट्टा.

गाडी लिंबाखाली घ्यायला लावली, हात लावला तो संध्याकाळी पत्रा गार झाल्यावर. आधी धुतली. धुळीवर कोरडंच पुसलं तर ओरखडे ठरलेले, मग स्प्रे कितीही भारी असू दे. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार, वाळलं की पांढरे ठिपके. म्हणून शेवटचा हात जारच्या फिल्टर पाण्याचा, आणि लगेच टिपून घेतलं. जार उघडताना दाजींचा चेहरा बघण्यासारखा होता.

मग खरं काम. एकावेळी अर्धं दार, त्याहून जास्त नाही. स्प्रे अगदी थोडा, तोही फडक्यावर. एका मायक्रोफायबरने पसरवायचं, दुसऱ्या कोरड्याने लगेच पुसायचं, घडी सारखी बदलत. लोक दहा फवारे मारतात आणि तिथंच फसतात.

ताईनं फडकी कंडिशनर घालून धुतली होती, वास मस्त! पण त्याचा थर धाग्यावर बसतो, फडकं शोषत नाही, नुसतं फासत राहतं. ती बाजूला ठेवली, नवी काढली.

दाजी त्याच फडक्यानं पुढची काच पुसायला निघाले होते. अडवलं. स्प्रेचा थर काचेवर राहिला की रात्री समोरच्या लाइटात सगळं फाकतं, आणि यायचंय रात्रीच.