बंडीच्या उलाळीपासून ट्रॅक्टरच्या वजनापर्यंत : आमची वाटचाल

बाबा गावाकडे बंडीच्या चाकांवर धाव चढवायचे. मी नागपुरात येऊन वेल्डिंग शिकलो, हिंगणा रोडला टिनाची शेड टाकली, सुरुवातीची वर्षं गेट, ग्रिल, जिन्याची रेलिंग यातच गेली. मग ट्रॉल्या रिपेअरिंगला यायला लागल्या आणि शेतीची कामं तिथून सुरू झाली.

आमच्याकडे काटोल-कळमेश्वरकडचे संत्रावाले जास्त येतात. बागेत मोठा ट्रॅक्टर फांद्यांना लागतो म्हणून ते मिनी ट्रॅक्टर घेतात. अशाच एका काकांनी शेणखत उचलायला पुढून छोटा लोडर बसवून मागितला, आम्ही मन लावून बनवला, शेडसमोरच्या रेतीच्या ढिगावर ट्रायल घेतली, बकेट भरली, वर उचलली आणि मागचं एक चाक वीतभर अधांतरी. काका सीटवरूनच ओरडले, "अरे भाऊ, हा मागून उचलून राह्यला ना!" माझ्या पोटात गोळाच आला, कारण तो उतारावर असता तर काय झालं असतं ते समोर दिसत होतं.

बाबा शेडमध्येच बसले होते. उठून आले, ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "बंडी उलाळ होते तसंच हाय हे, फक्त उलटं. वजन किती ते मंग, आधी वजन कुठं ते पाय." मागे ओझं जास्त झालं की बंडी मागे कलंडते आणि पुढून वर उचलते, तीच उलाळ.

तेव्हापासून आम्ही हिशोब करायला लागलो. समजा पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये दीड मीटर अंतर आहे आणि बकेट पुढच्या अ‍ॅक्सलच्या दीड मीटर पुढे आहे. बकेटमध्ये २०० किलो टाकले की पुढच्या अ‍ॅक्सलवर ४०० किलो वाढतात आणि मागच्यावरून २०० कमी होतात. बरेच जण म्हणतात टायरमध्ये पाणी भरलं की झालं, त्याने मागची पकड वाढते हे खरंच आहे, पण पुढच्या अ‍ॅक्सलवरचा बोजा एक किलोनेही कमी होत नाही. त्यासाठी वजन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकवावं लागतं. समजा ३५० किलो मागच्या अ‍ॅक्सलच्या ७५ सेंटीमीटर मागे लटकवले तर पुढून १७५ किलो उतरतात. हे कळलं त्या रात्री मला झोप नाही आली, खरं सांगतो.

मागे लटकवायच्या या वजनासाठी आम्ही २०० लिटरचा जुना ड्रम घेतला, वरचा तिसरा हिस्सा कापून टाकला, बाकीच्यात एकास दोन, चार असं सिमेंट, रेती, गिट्टी. सिमेंटची एक पूर्ण बॅगही लागत नाही. ड्रम आणि लोखंड धरून वजन ३५० किलोच्या आसपास जातं. ड्रम अख्खा का नाही भरत असं सगळे विचारतात. अख्ख्या ड्रममध्ये नुसतं काँक्रीटच ४८० किलो होतं, लहान ट्रॅक्टर रिकाम्या बकेटने धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढला की पुढून हलका पडतो, स्टिअरिंग लागत नाही.

पहिल्या ड्रममध्ये चूक माझी होती. ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडायला खाली दोन आणि वर एक असे तीन दांडे असतात, त्यांना लिंक म्हणतात. त्यातल्या खालच्या लिंकसाठी २२ एमएमचा गोल, गुळगुळीत रॉड आरपार टाकून तसाच काँक्रीटमध्ये पुरला. महिनाभरात काकांचा फोन, ड्रम झोके घेऊन राह्यला म्हणून. जाऊन पाहिलं तर रॉड काँक्रीटमध्ये सैल होऊन गोल फिरत होता, भोवती पिठासारखा भुगा. गुळगुळीत लोखंडाला काँक्रीट घट्ट धरून ठेवत नाही, हे मला माहीत असायला पाहिजे होतं. तो ड्रम परत आणला आणि पैसे न घेता दुसरा दिला. आता चौकोनी बार घेतो, फक्त दोन्ही टोकं लेथवर २२ एमएम गोल करून आणतो, मधल्या भागाला सळाखीचे आडवे-उभे तुकडे वेल्ड करतो आणि वरच्या, म्हणजे टॉप लिंकचा मास्ट (उभा खांब) त्याच पिंजऱ्याला जोडतो, म्हणजे ओढ सगळ्या गोळ्यावर वाटली जाते. भरतानाच दोन प्लास्टिकचे पाइप उभे ठेवतो, त्यात सब्बल आणि फावडं उभं राहतं, ही आयडिया काकांचीच.

भरल्यावर ओलं बारदान गुंडाळून दिवसातून तीनदा पाणी, नागपूरच्या मे महिन्यात तर चारदा. पोरं विसरतात, बाबा नाही विसरत. पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात आणि त्याच्याआधी मी ड्रम सोडत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

आता कोणी ऑर्डर द्यायला आलं की आधी ट्रॅक्टरचं पुस्तक मागतो, लिफ्ट किती किलोची आणि मागे किती वजन चालतं ते पाहतो, लिंकमधलं अंतर स्वतः टेपने मोजतो, कारण लहान ट्रॅक्टरांत ते सारखं नसतं. ड्रम लटकवून, बकेट भरून समोरच्या ढिगावर चालवतो. बाबा मागच्या चाकाजवळ उभे राहून टायर मातीत किती दबला ते पाहतात, त्यांनी मान हलवली की मी बिल फाडतो.