रंग लावण्याआधीचे पाच आठवडे

नववीत असताना तैलरंगाच्या पहिल्या नळीचे झाकण उघडण्यासाठी आम्हाला पाच आठवडे थांबावे लागले. तोवर आमच्या कलाशिक्षकांनी आमच्या हाती दिले ते केवळ कापड, सरस, काचकागद आणि कोळशाच्या कांड्या. तो उशीर त्या वेळी आम्हाला फार जाचत असे. आज मात्र स्वतःची चित्रे करताना मी पुन्हा पुन्हा त्याच पाच आठवड्यांकडे वळतो, म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत त्यांच्याविषयीच लिहावे असे वाटले.

पहिल्या तासाला सरांनी कपाटातून कापडाचा एक तपकिरी पडलेला तुकडा काढला. विद्यार्थिदशेत त्यांनी त्या कोऱ्या कापडावर, मध्ये कसलेही अस्तर न देता, थेट तैलरंग लावून पाहिला होता. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून त्यांनी तो किंचित ओढला आणि तो वाळलेल्या पानासारखा फाटला. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही; हवेतला प्राणवायू शोषून ते घट्ट होते, आणि ही क्रिया वर्षानुवर्षे चालू असताना तयार होणारी आम्ले कापडाच्या तंतूंना पोखरत राहतात. तेल कापडापर्यंत पोहोचू नये यासाठी मध्ये आधी सरसाचा थर आणि त्यावर अस्तर द्यायचे, हे कारण सरांनी एवढ्याच शब्दांत सांगितले. त्या फाटण्याच्या आवाजानंतर अधिक काही सांगण्याची गरजही नव्हती.

चौकटीवर कापड ताणणे हे दिसते त्यापेक्षा अवघड काम आहे. आम्ही एका कोपऱ्यापासून खिळे ठोकत निघालो आणि समोरच्या कोपऱ्यात पोहोचेपर्यंत कापडाला तिरप्या चुण्या पडल्या. सरांनी सगळे खिळे उपसायला लावले. एका बाजूच्या मध्यावर एक खिळा, मग समोरच्या बाजूच्या मध्यावर दुसरा, त्यानंतर उरलेल्या दोन बाजू, आणि असेच आळीपाळीने कोपऱ्यांकडे सरकत जायचे, म्हणजे ताण सगळीकडे सारखा बसतो. त्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजून ते समान आहेत ना, हे पाहायचे. कारण चौकट तिरकी असेल तर पुढे आखलेली एकही रेघ काटकोनात येत नाही.

सरस आम्ही आदल्या दिवशी भिजत घालत असू, एक भाग सरस आणि दहा-बारा भाग पाणी. दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून तो विरघळवायचा, पण उकळी येऊ द्यायची नाही, कारण उकळलेल्या सरसाची चिकटण्याची ताकद कमी होते. आज मी सरस वापरत नाही. तो हवेतली ओल शोषून फुगतो, कोरड्या दिवसांत आक्रसतो, आणि या हालचालीने वरच्या रंगाला तडे जातात. १९५०च्या दशकात बाजारात आलेले ॲक्रिलिक अस्तर कॅनव्हाससाठी मला अधिक भरवशाचे वाटते. सरस आणि खडूच्या पुडीचे जुन्या पद्धतीचे अस्तर लवचीक नसते. ते लाकडी फळीवरच शोभते. हे मत सरांना पटले असते असे मला मनापासून वाटते, कारण ते पद्धतीला नव्हे, तिच्यामागच्या कारणाला महत्त्व देत.

अस्तराचे तीन हात आम्ही दिले: पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर बारीक काचकागदाने हलकेच घासायचा. किती घासायचे, हे सर डोळे मिटून तळहात फिरवून ठरवीत. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला तर रंगाला धरायला जागा राहत नाही, आणि फार खरखरीत राहिला तर कुंचल्याचे केस झिजतात. त्या दोहोंमधला तो नेमका स्पर्श मला शब्दांत सांगता येत नाही, पण माझ्या तळहाताला तो अजूनही ओळखीचा आहे.

मग आले रेखाटन उतरवणे. लहान चित्रासाठी सर कागदाच्या पाठीवर कोळसा चोळून पुढून रेघा गिरवायला सांगत. कार्यालयातला कार्बन कागद मात्र त्यांनी वर्गात येऊ दिला नाही, कारण त्याचा मेणकट ठसा सहज पुसला जात नाही. रेघांवर टाचणीने छिद्रे पाडून त्यांवर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटण्याची जुनी पद्धतही त्यांनी एकदा करून दाखवली. इटालियन चित्रकार राफाएलने सुमारे १५०४ मध्ये रंगवलेले सरदाराच्या स्वप्नाचे चित्र जेमतेम १७ सेंटिमीटर बाजूचे आहे, आणि त्यासाठी छिद्रे पाडलेला मूळ कागदही लंडनमध्ये जपलेला आहे. एवढ्या लहान चित्रासाठीही त्याने आधी कागदावर सगळे ठरवून घेतले होते, हे कळल्यावर आमची घाई बरीच ओसरली.

आमचे चित्र मोठे होते. शाळेच्या सभागृहासाठी चार फूट बाय तीन फुटांचा कॅनव्हास आणि हातात १६ बाय १२ इंचांचे रेखाटन. रेखाटनावर एक इंचाचे आणि कॅनव्हासवर तीन इंचांचे, असे १९२ चौकोन आम्ही आखले. कोळसा लावलेला दोरा दोघांनी दोन टोकांना धरायचा आणि तिसऱ्याने मधोमध चिमटीत उचलून सोडायचा. सुतार सूत मारतो तशी सरळ रेघ उमटत असे. वस्तूकडे न पाहता रेघ चौकोनाच्या कोणत्या बाजूला कुठे छेदते एवढेच पाहा, असे सर सांगत, आणि तसे केले की अवघड वाटणारा हातसुद्धा आपोआप जमत असे. शेवटी पातळ केलेल्या तपकिरी रंगाने आकृतीच्या रेघा पक्क्या केल्या, त्या वाळल्यावर चौकोनांचा कोळसा मऊ फडक्याने झटकून टाकला, आणि पाचव्या आठवड्याच्या अखेरीस नळ्यांची झाकणे उघडली.

चौकोन आखताना एक रेघ माझ्या मनगटाने पुसली गेली होती. दोरा पुन्हा धरायला कोणी मोकळे नव्हते, म्हणून खिशातल्या शिसपेन्सिलीने मी ती ओढून घेतली. पेन्सिल वापरू नका, असे सरांनी बजावले होते. पण रंगाखाली ती कोणाला दिसणार, असे मला वाटले. तैलरंग जुना होतो तसतसा अधिक पारदर्शक होत जातो, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. गेल्या वर्षी सभागृहात गेलो, तेव्हा त्या चित्रासमोर बराच वेळ उभा होतो. कापड अजून ताठ आहे, रंगाला कुठे पोपडा धरलेला नाही. कोळशाची एकही रेघ दिसत नाही. उजवीकडच्या फिकट आकाशात मात्र पेन्सिलीची ती करडी रेघ आता स्पष्ट वर आली आहे.