मुंबई–इगतपुरी: घाटाला घाबरू नका, भिवंडी बायपासला घाबरा

इगतपुरीला गाडीने जायचं म्हटलं की जो तो कसारा घाटाचं नाव घेतो. आमच्या गाडीच्या इंजिनाच्या तापमानाचा काटा चढला तो भिवंडी बायपासच्या माजिवडा ते वडपे या सपाट पट्ट्यात, भर उन्हात. माणकोली, राजनोलीला गाड्या इंचाइंचाने सरकतात. समोरून वारा लागत नाही, एसी चालू असतो. मग रेडिएटर थंड ठेवायचं काम एकट्या फॅनवर येतं, आणि तोच बंद असेल तर काटा लालकडे जायला वेळ लागत नाही.

म्हणून काटा कुठे चढला ते आधी बघा. ट्रॅफिकमध्ये चढतो आणि वेग घेतल्यावर उतरतो, तर संशय फॅनवर: फ्यूज, रिले (फॅनला वीज देणारा स्विच), मोटर. वेगात किंवा चढावर चढतो, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी, रेडिएटर चोंदलेला, वॉटर पंप थकलेला किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) अडकलेला. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) चटका देतो आणि खालचा गारच राहतो, तेव्हा बहुतेक थर्मोस्टॅट उघडलेला नसतो.

रस्त्याकडेच्या गॅरेजात आमचं बॉनेट उघडताक्षणी "हेड गॅस्केट गेलं, हेड उतरवावं लागेल" असं सांगितलं. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याखालचं सील. साफ लूट! दोष होता फॅनच्या रिलेचा, आणि तो काही शे रुपयांत मिळतो. फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल, तर दोघांची अदलाबदल करून बघा. एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला लागतो. ही तपासणी घरून निघतानाच करा. गॅस्केट खरंच गेलं असेल तर ऑइल दुधाळ होतं, पांढरा धूर थांबत नाही, कूलंटच्या टाकीत सारखे बुडबुडे येतात. यातलं काहीच नसेल तर हेडला हात लावू देऊ नका. आधी कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं) करायला सांगा.

काटा चढलाच तर एसी बंद, हीटर फुल. घामाच्या धारा लागतील, पण इंजिनातली उष्णता बाहेर पडते. हीटरमधून गार हवा आली तर कूलंट संपत आलंय, मग काटा काहीही दाखवो, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. किमान अर्धा-पाऊण तास रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाबाखालचं कूलंट शंभर अंशांच्या वर असतं, झाकण फिरवताच तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

बोअरचं पाणी तर नकोच, क्षार साचून रेडिएटर बुजतो. गाडीत एक लिटर तयार कूलंट ठेवा. घट्ट कूलंट (कॉन्सन्ट्रेट) आणलं असेल तर त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला.

वडप्यापुढे शहापूरपर्यंत रस्ता मोकळा होता. घाटात खालचा गिअर ठेवला, चढावर एसी बंद केला, काटा मधोमध राहिला.