स्टुटगार्टमधली पाचोऱ्याची भांडणं

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ऐंशी-नव्वद जण होते. दोहा, दुबई, टोरांटो आणि इथे स्टुटगार्टला मी. सगळे पाचोरा-भडगावकडचे, सगळे शिवसेनेचे. राजकारण चालायचंच, पण त्याआधी ‘काय भो, जेवला का?’ असायचं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोह्यातल्या एकाचे वडील जळगावला दवाखान्यात होते, तेव्हा गावाकडची पोरं रात्रभर ऑक्सिजनसाठी फिरली. आम्ही इकडून फक्त फोन लावत बसलो.

मग जून २०२२. आमदार सुरतेला गेले. सुरत आपल्याला परकी थोडीच! भुसावळ-सुरत गाडीत बसलं की झालं, प्रत्येकाचा एक तरी सोयरा उधन्याला. म्हणून सुरुवातीला थट्टाच चालली, ‘कोणाकडे उतरले रे?’ गुवाहाटीचं ऐकल्यावर थट्टा थांबली. जळगाव जिल्ह्यातले सेनेचे चारही आमदार शिंदेंकडे गेले, त्यात आमचे किशोरआप्पा पाटीलही.

उन्हाळ्यात भारत इथून साडेतीन तास पुढे. सहाला डोळे उघडले की तिकडे साडेनऊ, आणि दीडशे मेसेज. गद्दार, खोके, लाचार. काँग्रेसवाल्यांना आम्ही कधी असं बोललो नव्हतो. पण काँग्रेसवाल्याच्या घरातलं आपल्याला काय ठाऊक? आपल्या माणसाचं सगळंच ठाऊक. कोणाची बदली कोणी करून दिली, कोणाच्या बहिणीच्या लग्नात कोणाचे पैसे लागले, सगळं बाहेर निघालं.

मीही काढलं. एसलिंगेनला राहणाऱ्या दोस्ताने, इथे नवा होतो तेव्हा, मला स्वतःच्या खोलीत झोपायला जागा दिली होती. त्याला मी सगळ्यांसमोर लिहिलं, ‘तुझ्या भावाला ठेका मिळाला, म्हणून तुझी निष्ठा तिकडे.’ भावाला ठेका मिळाला होता की नव्हता, मला खरंच माहीत नव्हतं.

१७ फेब्रुवारी २०२३ ला धनुष्यबाण शिंदेंना मिळाला, त्या रात्री ग्रुप फुटला. एकाचे दोन झाले.

विधानसभेला, नोव्हेंबर २०२४ मध्ये, पाचोऱ्यात किशोरआप्पांसमोर त्यांच्या चुलत बहीण वैशाली सूर्यवंशी ठाकरेंच्या मशालीवर उभ्या राहिल्या. भाऊ-बहिणीचं तिकडे काय व्हायचं ते होवो, दोह्यात आणि टोरांटोत मात्र झोपा उडाल्या. गंमत म्हणजे, यादीत नाव असलं तरी आम्हाला मत द्यायला गावीच जावं लागतं. टपालाने नाही, मोबाईलवरूनही नाही. तिकीट काढून कोणीच गेलं नाही.

निकालाच्या आदल्या दिवशी घरी फोन लावला. वडील शेतात, भरताच्या पार्टीला.

“कोण कोण आहे?”

त्यांनी नावं घेतली. दोन्ही बाजूंचे बूथवाले.

“भांडण नाही झालं?”

“झालं ना. मग मिरच्या कमी पडल्या, तर भांडणाऱ्यालाच गाडीवर पाठवलं आणायला.”

डिसेंबरात आईने पाठवलेलं कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ आलं. त्यातलं अर्धं पिशवीत घालून मी एसलिंगेनला गेलो. त्याने दार उघडलं, पिशवी हातात घेऊन वजन बघितलं आणि तवा ठेवला. वांगी इथली, जाड सालीची, ओव्हनमध्ये नीट भाजली जात नाहीत. तरी आम्ही भाकरी कुस्करून खाल्ली. ठेक्याचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

हात धुताना त्याने विचारलं, “तू आता कोणत्या ग्रुपवर?”

“दोन्हीवर. तुमच्यात गावाकडच्या नंबरवरून.”

“डीपीवर बैल आहे, तो तूच का?”