मकॉली खोऱ्यातली थारची शिकार: .३०० मॅग्नम घरीच ठेवा

‘डोंगरात लांबूनच मारावं लागतं, तुम्हाला मॅग्नमच हवी,’ असं ठासून सांगत दुकानदाराने .३०० विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे जादा दारूच्या जबर काडतुसाची रायफल, गळ्यात मारली. जून महिन्यात ती घेऊन न्यूझीलंडच्या टेकापो सरोवरामागे मकॉली खोऱ्यात थार या रानबोकडाच्या मागे हिंडून आलो. खांदा अजून ठणकतोय, तेव्हा भाषा थोडी तिखट वाटली तर सांभाळून घ्या.

आधी एक खुलासा, कारण नातेवाईक विचारणारच. हा आपला हिमालयातलाच थार. भारतात १९७२च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. न्यूझीलंडमध्ये तो १९०४ साली माउंट कुकजवळ आणून सोडला, आणि आता डोंगरावरची झुडपं आणि गवत फस्त करतो म्हणून सरकारलाच तो कमी करून हवाय. खुल्या क्षेत्रांचा शिकार परवाना निसर्ग संरक्षण खात्याकडून ऑनलाइन फुकट मिळतो. बंदुकीचा परवाना वेगळा, आणि त्याशिवाय काडतुसंही मिळत नाहीत. परदेशातून येणाऱ्यांनी पाहुण्यांच्या परवान्याचा अर्ज बराच आधी करावा.

आता वजन. रायफलच्या जाहिरातीत २.६ किलो. हे नुसत्या रायफलचं! दुर्बीण आणि तिच्या कड्या ८०० ग्रॅम, सायलेन्सर ४००, बायपॉड (नळीखालचा दोन पायांचा टेकू) ३५०, वर पट्टा आणि काडतुसं. झाले सव्वाचार किलोच्या पुढे. दुकानात सगळं बसवून काट्यावर ठेवायला सांगा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा.

पण खरा इंगा दाखवला लांबीने. मुक्कामाच्या झोपडीच्या वरच्या अंगाला ओढ्यालगत मटागौरी झुडपांची काटेरी दाटी आहे. करवंदीच्या जाळीतून वाकून जायची सवय असलेल्यालाही ती रडवते. २६ इंची नळी आणि तिच्यापुढे सायलेन्सर. पाठीवर घेतली की डोक्यावर हातभर वर येते आणि दर फांदीत अडकते. हातात घ्यावी तर आधाराला हात उरत नाही. त्यापुढे सुट्या दगडांचा घसारा, आणि घसाऱ्यात जिथे म्हणून हात टेकावा तिथे स्पॅनिअर्ड गवताची सुयांसारखी पाती, जाड हातमोज्यातूनही घुसणारी. नकाशावर हा टप्पा किरकोळ दिसतो, आम्हाला दुपार झाली. सोबत्याची रायफल ७ मिमी-०८ या मध्यम काडतुसाची, १८ इंची नळीची. तो माझ्यापुढे पोचून चहा पीत बसला होता. नळी आखूड केली की इंचामागे गोळीचा वेग सेकंदाला सात-आठ मीटरने घटतो, एवढंच. तो तोटा खुशाल सोसा.

बरं, मॅग्नमने मिळतं काय? दोन्ही रायफलींचा नेम २०० मीटरला अचूक लागेल असा जुळवला तर ३०० मीटरवर गोळी किती खाली येते, यातला फरक दोन बोटांचा. वारा त्याहून कितीतरी जास्त ढकलतो. धक्का मात्र तेवढ्याच वजनाच्या ७ मिमी-०८च्या जवळपास दुप्पट. चढावर पालथं पडून वर नेम धरला की डोळा दुर्बिणीच्या जवळ सरकतो. माझ्या भुवईवर त्याची खूण आहे. धक्क्याला घाबरणारा माणूस घोडा ओढतानाच दचकतो, मग काडतूस कितीही जबर असो. थारचा नर ७० ते १०० किलोचा, हत्ती नव्हे. सोबत्याने साधारण २३० मीटरवरून एका गोळीत पाडला.

तेव्हा निकाल असा: ७ मिमी-०८, .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर, यांपैकी एखाद्या मध्यम काडतुसाची रायफल घ्या. आधीच .२७० असेल तर नवीन काही घेऊ नका. .३०८ची काडतुसं छोट्या गावातही मिळतात, मॅग्नमच्या डबीला त्याहून बरेच जास्त पैसे पडतात. वाचलेल्या पैशांत अंतराबरोबर कोनही मोजणारा रेंजफाइंडर घ्या. ३० अंशांच्या चढावर ४०० मीटर दिसलं तरी नेम ३४६ मीटरचा धरायचा असतो, आणि हा हिशोब थंडीत डोक्यात होत नाही.

गोळी झाडण्याआधी जनावर पडून कुठे जाईल ते पाहा. कड्यावरून घरंगळलं तर शिंगंही जातात आणि मांसही. जूनमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तीननंतर कड्यावरचा थार सोडून द्या.

बाकीचे दिवस छान गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खोऱ्याकडे जाणारा लिलीबँकचा रस्ता कच्चा, पुढे नदी पुन्हापुन्हा ओलांडावी लागते. उंच चारचाकी गाडी हवीच. वायव्येचा वारा सुटला आणि मुख्य रांगेवर ढग दाटले तर त्याच दिवशी खाली या. खोऱ्यात थेंब पडला नसला तरी नदी चढते.