गाण्याची पहिली ओळ

गाणं लिहायचं म्हणून वही उघडली की बहुतेक जण आधी विषय ठरवतात. पाऊस, आई, विरह, पुणं. त्यावर चार ओळी जमतात, पाचवीला गाडी अडते आणि ‘सुचत नाही’ म्हणून वही मिटते. माझ्या मते यात दोष सुचण्याचा नसतो. विषयच गाण्याच्या मानाने फार मोठा असतो. पावसावर लिहिण्यासारखं इतकं असतं की त्यातलं नेमकं काही हाताला लागत नाही. म्हणून सुरुवात विषयापासून करूच नये. कुणीतरी कुणाला तरी म्हटलेल्या एका वाक्यापासून करावी.

अशी वाक्यं गोळा करायला मुद्दाम कुठे जावं लागत नाही. पुण्याच्या पीएमपीएमएलच्या शहर बसमध्ये मागच्या सीटवर कुणीतरी फोनवर बोलत असतं, मंडईत घासाघीस चालू असते, तुळशीबागेत आई आणि लेक एका कानातल्यावरून हुज्जत घालत असतात. मोबाइलमध्ये एक नोट उघडून ठेवायची आणि त्यात फक्त बोललेली वाक्यं उतरवायची, जशीच्या तशी. ‘तिच्या डोळ्यांत उदासी होती’ असं लिहायचं नाही, ते आपलं मत झालं. ‘पोचलास की कळव’, ‘माझं काय, मी राहीन’, ‘दोन घास खाऊन जा’ हे लिहायचं. दिवसाला दोन-तीन वाक्यं पुष्कळ झाली. आठवड्याने सगळी यादी मोठ्यानं वाचायची, मनात नाही. वाचताना जे वाक्य आपोआप पुन्हा म्हणावंसं वाटतं, ते बाजूला काढायचं.

मग त्या वाक्याला तीन प्रश्न विचारायचे: कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, आणि हे नेमकं आत्ताच का बोलतंय? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘दोन घास खाऊन जा’ हे रोजचंच वाक्य आहे, पण परदेशी निघालेल्या मुलाला विमानतळाची गाडी दारात उभी असताना म्हटलं, तर त्यात गाणं आहे. ‘आत्ताच का’ याचं उत्तर सापडेपर्यंत यमकं जुळवायला घेऊ नका. तशी घेतली, तर पहिल्या कडव्यानंतर सांगण्यासारखं काही उरत नाही.

ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. जात्यावरच्या ओव्या पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायकांकडून ज्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. त्यातल्या कितीतरी ओव्या कुणाला तरी उद्देशून आहेत: भावाला, लेकीला, सासरच्या माणसांना, थेट विठ्ठलाला. पुष्कळदा तर ‘सांगते बाई तुला’ असं म्हणूनच ओवी सुरू होते. ऐकणारी समोर बसवली की सांगायचं काय ते सापडतं.

दुसरा दाखला पुणे आकाशवाणीचा. 1955 ते 1956 या वर्षात इथून गीतरामायण प्रसारित झालं. गदिमांनी लिहिलेली आणि सुधीर फडक्यांनी चाली दिलेली एकूण 56 गाणी, आठवड्याला एक या हिशेबाने. इतकं काम इतक्या वेगानं होण्यामागे त्या दोघांची प्रतिभा तर आहेच. पण लिहायला बसणाऱ्यानं त्याची रचनाही पाहावी. जवळपास प्रत्येक गाणं कथेतल्या कुणा ना कुणाच्या तोंडी आहे. बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग कथेनं आधीच ठरवून दिलेले आहेत. आपल्यालाही हे करता येतं. सुटी गाणी सुचण्याची वाट पाहण्यापेक्षा एकाच घरातली, एकाच चाळीतली पाच माणसं घ्यावीत आणि प्रत्येकाला एकेक गाणं द्यावं. दुसऱ्या गाण्यापासून हात मोकळा होतो, कारण आता कोण बोलणार हे शोधावं लागत नाही.

आता ओळ तालात बसवण्याकडे वळू. इथे बारकाईनं बघावंच लागतं, म्हणून एकच उदाहरण सावकाश पाहू. समजा हाताशी वाक्य आहे, ‘थोडं थांब, निघू की’. मात्रा मोजायची रीत सगळ्यांना माहीत असते: ह्रस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, अनुस्वार असलेल्याची आणि जोडाक्षराच्या आघाताने जड झालेल्याची दोन. ‘थोडं’च्या चार, ‘थांब’च्या तीन, ‘निघू’च्या तीन, ‘की’च्या दोन. एकूण बारा, म्हणजे दादरा तालाची दोन आवर्तनं (फेऱ्या). कागदावर बरोबर बसलं.

पण टाळी देऊन म्हणून बघा. दादरा सहा मात्रांचा, धा धी ना, धा ती ना. पहिल्या मात्रेवर सम, म्हणजे तालाचा मुख्य जोर, आणि चौथीवर खाली, म्हणजे बिनजोराची जागा. ‘थोडं थां’ इथे सहा मात्रा संपतात आणि दुसऱ्या आवर्तनाची सम येते ती ‘थांब’मधल्या ‘ब’वर. बोलताना आपण जो ‘ब’ अर्धाच उच्चारतो, त्याच्यावर तबल्याचा सगळा जोर पडतो. ऐकणाऱ्याला मात्रा कळत नाहीत, पण काहीतरी अडखळलं हे नक्की कळतं. आता शब्द थोडे हलवा: ‘थांब जरा, निघू की’. ‘थांब’ तीन, ‘जरा’ तीन, पहिलं आवर्तन पूर्ण. सम ‘थां’वर, खाली ‘ज’वर. दुसऱ्या आवर्तनात ‘निघू’ तीन आणि ‘की’ दोन, एक मात्रा मोकळी. ती ‘की’ ओढून भरता येते किंवा तिथे श्वास घेता येतो. अर्थ तोच, वाक्य बोलीतलंच, आणि आता ते आपणहून ठेक्यावर चालतं.

त्याला उत्तर देणारी दुसरी ओळ घ्या:

थांब जरा, निघू की,
चहा तरी होऊ दे

‘चहा’ तीन, ‘तरी’ तीन, मग ‘होऊ दे’ दोन-दोन-दोन. ठेका तीन-तीनचा आणि शब्द दोन-दोनचे, त्यामुळे ओळीच्या शेवटाला एक छोटी ओढ येते. मुखड्याला, म्हणजे गाण्यात परत परत येणाऱ्या ओळींना, अशी एक जागा असावी, तिच्यामुळेच तो लक्षात राहतो. मात्र ती पुढे ओळीमागून ओळीत आली तर चाल लंगडते.

मात्रांबाबत एक पथ्य: एखादी कमी पडली तर चालेल, जास्त होऊ देऊ नका. कमी पडलेली मात्रा गळा भरून काढतो. जास्तीची कोंबावी लागते आणि मग शब्दच ऐकू येत नाही.

चालीसाठी लगेच राग शोधायची गरज नाही. तीच ओळ समोरच्या माणसाला खरोखर थांबवायचं असल्यासारखी, थोडी वाढवून चार वेळा म्हणा आणि फोनवर रेकॉर्ड करा. आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो ते ऐका. ‘थांब’वर चढत असेल तर ती विनवणी आहे, ‘की’वर चढत असेल तर लाडीगोडी. तो चढउतार पेटीवर शोधा, आणि सुरुवातीला सा रे ग प ध या पाचच स्वरांत राहा. तबल्याचं अ‍ॅप मिनिटाला 110 मात्रांच्या आसपास लावलं तर या मुखड्याच्या चोवीस मात्रा सुमारे 13 सेकंदांत होतात. मुखड्याला एवढा वेळ पुरतो. पहिल्याच दिवशी सुरावट पक्की करायची नाही. तीन वेगवेगळ्या चाली रेकॉर्ड करून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग न ऐकता जी आठवते ती घ्यायची.

चाल आधी आणि शब्द नंतर असं असेल, तर ‘ला ला’ऐवजी निरर्थक पण मराठी वळणाचे डमी शब्द गात जा. ‘ला ला’नं मीटर कळतं, पण कुठे लघु (एका मात्रेचं अक्षर) हवं आणि कुठे गुरू (दोन मात्रांचं), ते कळत नाही. लांबवायच्या स्वरावर आ, ए, ओ, ई असा मोकळा स्वर येईल हे पाहा. मराठीत ‘रात’, ‘वाट’, ‘पाऊस’ असे शब्द बोलताना व्यंजनावर थांबतात. लांब स्वरावर आले की गायकाला शेवटी ‘अ’ जोडावा लागतो आणि ‘वाट’चं ‘वाटऽऽ’ होतं. त्याच जागी ‘वाटे’ किंवा ‘वाटा’ असेल तर गळा मोकळा राहतो.

यमकाचा सापळाही आपल्या भाषेतच आहे. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे नकळत सगळी यमकं जाते-येते-गाते, आहे-राहे-वाहे अशी होत जातात. दोन कडव्यांत असं झालं की गाणं गुळगुळीत होतं, कानाला पुढचा शब्द आधीच कळतो. तीन यमकांपैकी निदान दोन नामांची ठेवा, आणि तीही डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंची. उलट, ‘क्षण’, ‘मन’, ‘स्पंदन’ ही माळ हाताला लागली की थांबायचं. हे शब्द वाईट नाहीत, पण ते कुणाच्याही गाण्यात जाऊ शकतात.

यमकावर हात बसवायला मोठ्या अभंगासारखा साचा दुसरा नाही. इथे मात्रा नाही, अक्षरं मोजायची: सहा, सहा, सहा, चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. देवाधर्माचंच लिहायला हवं असं नाही:

मंडईत आज
भेंडी आली ओली
पाणी कोण तोली?
भाव दुणा

शेवटचा चार अक्षरांचा चरण तुम्हाला पसरू देत नाही. रोज एक असा चौक लिहिला की नेमका शब्द शोधायची सवय लागते. साध्या वहीत दहा मिनिटांत होणारं काम आहे, आणि नव्या माणसाला मी सगळ्यात आधी हेच करायला सांगेन.

राहिला अंतरा, म्हणजे मुखड्यानंतरचं कडवं. खरी पडझड इथे होते, कारण मुखड्यानं जे सांगितलं तेच अंतरा वेगळ्या शब्दांत सांगू लागतो. अंतऱ्याचं काम वेगळं. मुखडा म्हणजे बोललेलं वाक्य, तर अंतऱ्यात ते वाक्य कुठे बोललं गेलं ते दिसलं पाहिजे. खोली, वेळ, हातातली वस्तू. आपल्या उदाहरणात:

दार तसं, दिवा तसा,
बॅग तिथे राहू दे

पुन्हा सहा-सहा. ‘राहू दे’ हा शेवट ‘होऊ दे’ला जोडून घेतो, म्हणून मुखड्यावर परतणं सोपं जातं. अंतऱ्याची शेवटची ओळ लिहिताना लगेच मुखडा म्हणून बघायचाच. जोड खटकला तर ओळ बदला, मुखडा नको.

दुसऱ्या अंतऱ्यात काळ किंवा ऐकणारा बदला. पहिल्यात ‘थांब जरा’ पाहुण्याला म्हटलं असेल, तर दुसऱ्यात तेच माणूस, तेच घर, पण निघालेली आता लेक आहे. मुखड्याचा एक शब्दही न बदलता त्याचा अर्थ बदलला, तरच दुसऱ्या अंतऱ्याला गाण्यात जागा आहे. असा बदल सापडत नसेल तर एका अंतऱ्यावर गाणं संपवा, काही बिघडत नाही.

पट्टी, म्हणजे ज्या स्वराला ‘सा’ धरून गायचं तो, सगळ्यात शेवटी ठरवा. मुखडा मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) ते मध्य पंचम (मधल्या सप्तकातला प) या टापूत ठेवला तर अंतऱ्याला तार षड्जापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘सा’पर्यंत) चढायला वाव राहतो. नवखे लोक मुखडा आरामात गाता येईल अशी पट्टी धरतात आणि अंतऱ्यात गळा ताणला जातो. आधी अंतऱ्यातला सर्वांत वरचा स्वर गाऊन बघा, तो न किंचाळता लागेल अशी पट्टी घ्या. पुरुषांना बहुधा पेटीवरच्या काळी एकच्या, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, आसपास, बायकांना काळी चारच्या आसपास सोयीचं जातं. तिथून सुरुवात करून अर्धा-अर्धा स्वर वरखाली करत आपली जागा शोधा.